सांध्यात अडणारी उष्णता

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही काळजीपूर्वक घासून सपाट केले आणि स्क्रूने एकमेकांवर घट्ट आवळले, तरी ते सर्वत्र टेकत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींवर उंचवटे आणि खळगे दिसतात, त्यांतले मोजकेच उंचवटे समोरच्यांना भिडतात आणि प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र नेहमीच्या दाबाखाली वरवर दिसणाऱ्या क्षेत्राच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे क्वचितच जाते. उरलेल्या फटींत हवा असते आणि हवेची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या तुलनेत हजारो पटींनी कमी असल्यामुळे उष्णतेला या थोड्या स्पर्शबिंदूंकडे आकसून यावे लागते. परिणामी सांध्याच्या दोन बाजूंच्या तापमानांत एकाएकी फरक पडतो. या अडथळ्याला औष्णिक संपर्करोध म्हणतात. तापमानातील ही उडी दर चौरस मीटरमधून वाहणाऱ्या उष्णतेने भागली की त्याचे मूल्य हाती येते.

हा अडथळा किरकोळ नसतो. एखादी इलेक्ट्रॉनिक चिप १०० वॅट उष्णता निर्माण करते आणि ती १० चौरस सेंटिमीटरच्या सपाट भागातून ॲल्युमिनियमच्या हीट सिंकमध्ये, म्हणजे उष्णता पसरवून हवेत सोडणाऱ्या पात्यांच्या ठोकळ्यात, जाते असे धरले, तर ठोकळ्याच्या ५ मिलिमीटर जाडीच्या तळातून जाताना तापमान जेमतेम ३ अंशांनी उतरते. याउलट १० मायक्रोमीटर खडबडीतपणा असलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन पृष्ठभागांमध्ये हवा असेल आणि दाब साधारण एका वातावरणाएवढा असेल, तर संपर्करोध सुमारे ०.०००२७५ चौरस मीटर-केल्विन प्रति वॅट भरतो, आणि तेवढ्या एका सांध्यावर तापमान २७ अंशांहून अधिक घसरते. डोळ्यांना न दिसणारी ही फट सुमारे साडेचार सेंटिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमएवढी उष्णता अडवते. हवेच्या जागी सिलिकॉन तेल भरले, तर हीच घसरण ५ अंशांच्या आसपास येते.

संगणकावरील सिम्युलेशनमध्ये, म्हणजे वस्तूचे लहान लहान घटकांत विभाजन करून प्रत्येक घटकाचे तापमान गणिताने काढण्याच्या पद्धतीत, नेमका हाच सांधा दुर्लक्षित राहतो. अनेक प्रणाली टेकलेले भाग आपोआप पूर्ण चिकटलेले मानतात, त्यामुळे उडी नाहीशी होते आणि चिप प्रत्यक्षापेक्षा थंड दिसते. आराखड्यात दोन भागांमध्ये मिलिमीटरच्या अंशाएवढी फट राहून गेली, तर उलट घडते: प्रणालीला संपर्कच सापडत नाही, उष्णतेला वाट उरत नाही आणि तापमान अशक्य वाटावे इतके चढते. हा दुसरा दोष लगेच ध्यानात येतो. पहिला अधिक घातक, कारण त्याचे उत्तर पटण्याजोगे असते. घटकांची जाळी अधिक बारीक करूनही तो सुटत नाही, कारण जी भौतिक गोष्ट गणितात घातलेलीच नाही, ती बारकाव्याने उमटणार कुठून?

दोष शोधण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सांधा ओलांडून जाणाऱ्या एका रेषेवरील तापमानाचा आलेख काढणे. रेषा सांध्यापाशी अखंड असेल, तर संपर्क परिपूर्ण मानला गेला आहे. पायरी दिसली, तर तिची उंची उष्णताप्रवाहाने भागून दिलेले मूल्य परत मिळते का, हे पाहावे. न मिळाल्यास बहुधा एककांची गफलत असते. काही प्रणाली रोध न मागता त्याचा व्यस्त, म्हणजे संपर्काची वाहकक्षमता मागतात. वरील उदाहरणात ती सुमारे ३६०० वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन येते, पण मिलिमीटरवर आधारलेल्या आराखड्यात तीच ०.००३६ अशी भरावी लागते. तिथे ३६०० लिहिले गेले, तर सांधा दहा लाख पटींनी चांगला ठरतो, त्याचा परिणाम पुसला जातो आणि कोणतीही सूचना न देता पडद्यावर देखणे रंगीत चित्र उमटते. फटी भरण्यासाठी सांध्यात लावलेल्या थर्मल पेस्टचा थर स्वतंत्र भाग म्हणून रेखाटला असताना त्याचाच रोध सांध्यावर पुन्हा लावणे, ही दुहेरी मोजणीही वारंवार आढळते.

मूल्य आणायचे कुठून, हा खरा कठीण प्रश्न आहे. कूपर, मिकिक आणि योव्हानोविच यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार स्पर्शबिंदूंमधून होणारे वहन धातूची वाहकता, उंचवट्यांचा उतार आणि खडबडीतपणा यांवर, तसेच दाब आणि मऊ धातूची कठिनता यांच्या गुणोत्तराच्या ०.९५ व्या घातावर अवलंबून असते. म्हणजे दाबाच्या जवळजवळ प्रमाणात ते वाढते. स्क्रूखाली दाब अधिक आणि दूर कमी असल्यामुळे संपूर्ण सांध्याला एकच सरासरी मूल्य दिले, की सर्वांत तापणारी जागा चुकू शकते. निर्वातात फटींतील हवाही नसते, म्हणून जमिनीवरील हवेत मोजलेले मूल्य उपग्रहाला लागू करता येत नाही, आणि उपग्रहांची उष्णताचाचणी निर्वात कक्षात घ्यावी लागते.

या अनिश्चिततेमुळे मोजलेल्या तापमानाशी मेळ बसेपर्यंत संपर्करोधाचा आकडा खालीवर करण्याचा मोह होतो, आणि तो निश्चितपणे टाळला पाहिजे. शुद्ध ॲल्युमिनियमची वाहकता सुमारे २३७ वॅट प्रति मीटर-केल्विन, तर ६०६१ या प्रचलित मिश्रधातूची सुमारे १६७ असते. शुद्ध धातूचे मूल्य मिश्रधातूला लावण्याची चूक, वगळलेले प्रारण किंवा पंख्याच्या वाऱ्याचा चुकीचा अंदाज, सारे त्या एका आकड्यात दडून जाते. त्याऐवजी प्रत्यक्ष उपकरणात फक्त सांधा बदलावा, स्क्रू अधिक आवळावा किंवा पेस्ट लावावी, आणि तापमानातील बदल गणिताने वर्तवलेल्या बदलाशी जुळतो का, हे तपासावे. त्यातही पेस्ट कायम सारखी राहत नाही: तापण्या-निवण्याच्या आवर्तनांत भाग प्रसरण-आकुंचन पावत असताना ती हळूहळू कडांकडे ढकलली जाते. म्हणून नव्या उपकरणासाठी बरोबर ठरलेले मूल्य काही वर्षे चाललेल्या उपकरणाला गृहीत न धरता दोन्ही अवस्थांसाठी वेगळी गणिते करावी लागतात.