शेणखत आणि रासायनिक खत: भाजीपाल्याला दोन्ही का लागतात

‘शेणखत भरपूर टाकलं की बाकी काही लागत नाही’ असं बरेच जण खात्रीनं सांगतात. जरा हिशेब मांडून बघू. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला पाच किलो. संकरित टोमॅटोला शिफारस हेक्टरी ३०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १२० किलो. एवढं सगळं शेणखतातून द्यायचं तर एकरी २४ टन लागेल, आणि तेही सगळं नत्र पहिल्याच हंगामात सुटलं तर. प्रत्यक्षात पहिल्या पिकाला त्यातला फार तर तिसरा हिस्सा मिळतो. फळं धरायला लागलेलं झाड बाकीच्याची वाट बघत थांबत नाही.

उलट बाजूचा समज असा की रासायनिक खतानं जमीन मरते. मुळं नत्र घेतात ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपात, मग ते शेणातून आलेलं असो की युरियाच्या गोणीतून. जमीन बिघडते ती नुसता युरिया फेकत राहिल्यानं आणि काडीकचरा, शेण तिला परत न दिल्यानं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन प्रयोग १९८८ पासून चालू आहे. त्यात शिफारशीच्या खतांना शेणखताची जोड दिलेले वाफे उत्पादनात आणि सेंद्रिय कर्बात सरस ठरले. पिकं भाजीची नाहीत, पण कारण तेच आहे. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो; शेणखत कुजताना निघणारी आम्लं त्यातला काही मोकळा ठेवतात, शिवाय ओल टिकते. म्हणूनच कंपोस्टच्या थरांत सिंगल सुपर फॉस्फेट मिसळणं फायद्याचं. युरियात राख किंवा चुना मात्र कधीच मिसळू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘शेण ते शेण, ताजं काय नि जुनं काय’ हा समज. उकिरड्यातलं अर्धकच्चं शेण लागणीच्या तोंडावर टाकलं की ते कुजवणारे जीवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. त्यातून हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी शेतात येतं ते वेगळंच. खत मुठीत घेऊन बघा: काळपट, भुसभुशीत, हाताला गरम न लागणारं आणि पावसाळी मातीसारख्या वासाचं असेल तर ते तयार आहे. काड्या ओळखू येत असतील तर अजून थांबा. पुसदच्या पांढरीपांडे यांच्या नाडेप टाक्यात असं खत तीन-चार महिन्यांत तयार होतं.

दोन्ही द्यायची म्हणजे दोन्ही भरभरून द्यायची, असंही नाही. माती परीक्षण करा आणि शेणखतातून येणारं नत्र गोणीच्या हिशेबातून वजा करा. कांद्यात हे न पाळल्याचा भुर्दंड चाळीत कळतो. नत्राचे हप्ते लागणीनंतर साधारण ४५ दिवसांत संपायला हवेत. त्यानंतरही युरिया पडत राहिला तर पात हिरवीगार दिसते, पण मान जाड राहते, जोडकांदे वाढतात आणि भाव येईपर्यंत साठवलेला माल सडायला लागतो.