तीन इंग्रजी शब्दांची कुळकथा

आजच्या प्रसंगाशी निगडित असे तीन इंग्रजी शब्द आपण नित्य वापरतो : लेक्चर, अ‍ॅलम्नस आणि स्कूल. त्यांची कुळकथा थोडक्यात सांगतो.

‘लेक्चर’ म्हणजे मुळात वाचन. मध्ययुगीन युरोपीय विद्यापीठांत ग्रंथ हस्तलिखित, म्हणून दुर्मिळ व महाग असत. अध्यापक ग्रंथ मोठ्याने वाची आणि त्याचे विवरण करी. ‘अ‍ॅलम्नस’ हा शब्द पोसणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून झाला. ज्याचे पोषण झाले तो अ‍ॅलम्नस.

‘स्कूल’चे मूळ ग्रीक ‘स्कोले’. त्याचा अर्थ सवड, फुरसत. पुढे त्या सवडीत चालणारी ज्ञानचर्चा आणि अखेरीस ती जेथे चाले ते स्थळ, असा अर्थ सरकत गेला. लॅटिन ‘स्कोला’च्या वाटेने तो इंग्रजीत पोहोचला. आपली ‘शाळा’ संस्कृत ‘शाला’पासून, म्हणजे घर किंवा दालन, म्हणूनच गोशाळा, धर्मशाळा, पाठशाळा. आपल्या शब्दाने जागा सांगितली, ग्रीकांच्या शब्दाने वेळ.

व्युत्पत्ती म्हणजे आजचा अर्थ नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना सतत बजावीत आलो. तरीही एक कबुली देतो. एकदा तासाला एका विद्यार्थ्याने एका शब्दाचे मूळ विचारले. अभ्यासक्रम उरकण्याच्या घाईत मी म्हणालो, ‘ते परीक्षेला नाही.’ अभ्यासक्रम वेळेवर संपला; त्या मुलाने मात्र पुन्हा काही विचारले नाही. या शाळेत ज्यांचे पोषण झाले, त्यांनी आपल्या मुलांना प्रश्न विचारण्याइतकी सवड अवश्य द्यावी, एवढीच विनंती.