मॉड्यूलर काप यंत्र

मॉड्यूलर काप यंत्र हे भाज्या, फळे, कंदमुळे इत्यादी खाद्यपदार्थांचे ठरावीक जाडीचे काप, चकत्या, सळ्या किंवा फोडी करणारे व्यावसायिक वापराचे यंत्र होय. या यंत्राचे मोटार, भरण-नळी, पात्यांची चकती आणि निर्गम-मार्ग हे भाग एकमेकांपासून स्वतंत्र असतात व ठरावीक जोडणीने एकत्र बसविले जातात. त्यामुळे एकाच पायावर निरनिराळ्या चकत्या बसवून अनेक प्रकारचे काप करता येतात, तसेच एखादा भाग नादुरुस्त झाल्यास तेवढाच बदलता येतो. हंगामानुसार कच्चा माल बदलणाऱ्या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी ही रचना उपयुक्त मानली जाते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील घरगुती स्वयंपाकात कापण्याचे काम परंपरेने विळी, सुरी, किसणी आणि अडकित्ता या साधनांनी होत आले आहे. विळीत पाते स्थिर असते व पदार्थ त्यावर सरकवला जातो, तर सुरीत पाते हलते. यांत्रिक काप यंत्रांतही हेच दोन प्रकार आढळतात. ग्रामीण भागात सर्वपरिचित असलेले कडबाकुट्टी यंत्र फिरत्या चाकावर बसविलेल्या पात्यांच्या तत्त्वावर चालते. भाजी कापण्याच्या चकती-यंत्राचे तत्त्वही त्याच्याशी मिळतेजुळते आहे.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे विल्हेल्म व्हान बर्केल यांनी १८९८ मध्ये मांस कापण्याच्या यंत्रांचे उत्पादन सुरू केले. अमेरिकेत विल्यम अर्शेल यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने पुढे मोठ्या क्षमतेची भाजी कापण्याची यंत्रे विकसित केली. ऑटो रोहवेडर यांच्या यंत्राने कापलेला पाव ७ जुलै १९२८ रोजी मिसुरी राज्यातील चिलिकोथी येथे प्रथम विक्रीस आला. ही आरंभीची बहुतेक यंत्रे एकाच पदार्थासाठी घडविलेली होती.

कापण्याचे तत्त्व

पाते पदार्थावर केवळ दाबल्यास अधिक बल लागते आणि पदार्थ चेंगरतो. दाबण्यासोबत पाते धारेच्या दिशेने सरकवल्यास लागणारे बल बरेच कमी होते. टोनी ॲटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चीज व सलामी यांवरील प्रयोगांतून या परिणामाचे गणिती विवेचन मांडले. सरकण्याचा वेग व दाबण्याचा वेग यांचे गुणोत्तर जितके जास्त, तितका दाब कमी लागतो. याच कारणामुळे चकतीवरील पाते त्रिज्येच्या रेषेत सरळ न बसवता तिरपे किंवा वक्र ठेवतात. पिकलेला टोमॅटो बोथट सुरीने चिरडतो, पण धारदार सुरी मागेपुढे ओढल्यास सहज कापला जातो, हा अनुभव याच तत्त्वाचे उदाहरण आहे.

काप यंत्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत. चकती-यंत्रात पाती फिरतात आणि पदार्थ भरण-नळीतून त्यांवर दाबला जातो. केंद्रोत्सारी यंत्रात पदार्थ फिरतो व केंद्रोत्सारी बलाने कडेच्या स्थिर पात्यांवर ढकलला जातो. वेफर्सच्या मोठ्या कारखान्यांत दुसरा प्रकार प्रचलित आहे, तर लहान उद्योगांत पहिला.

मॉड्यूलर रचनेची संकल्पना

कार्ल उलरिक यांनी १९९५ मध्ये उत्पादन-रचनेवरील आपल्या लेखात मॉड्यूलर आणि एकात्म अशा दोन रचनांमधील भेद स्पष्ट केला. मॉड्यूलर रचनेत साधारणतः एक कार्य एका घटकाकडे असते आणि घटकांमधील जोडणी ठरलेली असते. एकात्म रचनेत एकच भाग अनेक कार्ये करतो, म्हणून एक बदल केल्यास इतर भागही बदलावे लागतात.

काप यंत्राचे सामान्यतः पाच घटक पाडले जातात.

१. पाया व चालक घटक : यात चौकट, मोटार आणि वेग कमी करणारा पट्टा किंवा दंतचक्रे येतात. भारतातील ५० हर्ट्झ वीजपुरवठ्यावर चार ध्रुवी मोटार मिनिटास सुमारे १,४४० फेरे घेते. चकतीस ३०० फेरे हवे असल्यास वेग सुमारे पाचपटीने कमी करावा लागतो. पट्टा वापरल्यास पदार्थ अडकल्यावर तो घसरतो आणि मोटारीवरील ताण कमी राहतो.

२. भरण घटक : लांबट भाज्यांसाठी अरुंद नळी आणि कोबी, कांदा यांसाठी रुंद नळी लागते. पदार्थ ढकलण्यासाठी दट्ट्या असतो.

३. कर्तन घटक : चकतीचा पृष्ठभाग आणि पात्याची धार यांमधील अंतर म्हणजे कापाची जाडी. चौकोनी फोडींसाठी चकतीखाली पात्यांची जाळी बसवितात.

४. निर्गम घटक : काप न मोडता बाहेर पडावेत यासाठी उतरता मार्ग.

५. नियंत्रण व सुरक्षा घटक : कळ, अतिभार-संरक्षण आणि झाकणाशी जोडलेले स्विच.

या सर्वांत चकती व दंड यांमधील जोडणी महत्त्वाची ठरते. ती चुकीच्या दिशेने बसूच नये म्हणून दंडाचा छेद षट्कोनी किंवा एका बाजूने सपाट ठेवतात. ओल्या हातांनी, पान्याशिवाय चकती काढता येणे हे चांगल्या रचनेचे लक्षण समजले जाते.

क्षमतेची गणना

दोन पात्यांची चकती मिनिटास ३०० फेरे घेत असेल, तर मिनिटास ६०० काप निघतात. कापाची जाडी ३ मिमी असल्यास मिनिटास १.८ मीटर लांबीचा पदार्थ कापला जातो. ६० मिमी व्यासाचे बटाटे एकाच नळीतून सलग भरल्यास हे प्रमाण मिनिटास सुमारे ५.५ किलो, म्हणजे तासाला सुमारे ३३० किलो येते. ही सैद्धांतिक मर्यादा आहे. दोन बटाट्यांमधील रिकामी जागा, दट्ट्या वर उचलण्याचा वेळ आणि साफसफाई यांमुळे प्रत्यक्ष उत्पादन बरेच कमी असते.

कापाची जाडी आणि वाळवण

वाळवणाच्या उत्तरार्धात कापाच्या आतील पाणी पृष्ठभागाकडे हळूहळू झिरपत येते. या टप्प्यास लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे जाडी दुप्पट झाल्यास वेळ सुमारे चौपट लागतो आणि केवळ २० टक्के जाड काप सुमारे ४४ टक्के अधिक वेळ घेतो. एकाच ताटातील पातळ काप करपतात आणि जाड काप आतून ओले राहतात. पाण्याची सक्रियता ०.६ च्या खाली गेल्यावर सूक्ष्मजीवांची वाढ थांबते. ओले राहिलेले थोडे काप संपूर्ण पिशवीतील मालाला बुरशी आणू शकतात. म्हणून वाळवणाच्या उद्योगात यंत्राच्या वेगापेक्षा कापांचा एकसारखेपणा अधिक मोलाचा ठरतो.

साहित्य आणि स्वच्छता

अन्नाला स्पर्श करणारे भाग बहुधा ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असतात. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. हे पोलाद उष्णोपचाराने कठीण होत नाही, म्हणून पात्यांसाठी ४२० सारख्या कठीण होणाऱ्या प्रती वापरतात. साध्या लोखंडी पात्यांमुळे आवळा, कच्ची केळी यांसारख्या पदार्थांचे काप काळे पडतात, कारण लोहाचा त्यांतील टॅनिन व तत्सम द्रव्यांशी संयोग होतो.

मॉड्यूलर रचनेत सांध्यांची संख्या वाढते आणि प्रत्येक सांधा हा अन्नकण साचण्याची जागा असतो. म्हणून आतील कोपरे गोलाकार ठेवणे, उघडे आटे टाळणे आणि वेल्डिंग घासून गुळगुळीत करणे आवश्यक असते. आयएसओ १४१५९ हे आंतरराष्ट्रीय मानक यंत्रांच्या आरोग्यविषयक रचनेसंबंधी आहे. भारतात अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांच्या चौथ्या अनुसूचीत उपकरणांच्या स्वच्छतेच्या अटी दिल्या आहेत.

सुरक्षितता

वरील उदाहरणातील चकतीवर एकाच बिंदूवरून सेकंदाला १० वेळा पाते जाते. बोट आत गेल्यावर ते मागे घेण्यास वेळ मिळत नाही, त्यामुळे सावधगिरीच्या सूचनेवर विसंबून राहणे पुरेसे नसते. आयएसओ १३८५७ या मानकानुसार ४० ते १२० मिमी रुंदीच्या उघड्या तोंडापासून धोकादायक भाग किमान ८५० मिमी दूर असावा लागतो. लहान यंत्रात इतकी उंच नळी व्यवहार्य नसते. म्हणून दट्ट्या किंवा झाकण जागेवर नसताना मोटार बंद राहील अशी स्विचची योजना करतात. भाजी कापण्याच्या यंत्रांसाठी युरोपात ईएन १६७८ हे स्वतंत्र मानक आहे.

वीज वारंवार जाणाऱ्या भागांत आणखी एक धोका संभवतो. वीज गेली असता कामगार अडकलेला पदार्थ काढण्यासाठी हात घालतो आणि त्याच क्षणी वीज आल्यास यंत्र सुरू होते. वीज परतल्यावर कळ पुन्हा दाबल्याशिवाय मोटार सुरू न होणारी चालू-बंद व्यवस्था यावर उपाय आहे. कमी दाबाच्या विजेचाही विचार करावा लागतो. विद्युतदाब २० टक्के घटल्यास प्रवर्तन मोटारीचे पीळबल सुमारे ६४ टक्क्यांवर येते व चकती अडकण्याचे प्रमाण वाढते.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये धोकादायक भागांना संरक्षक आवरण घालण्याची तरतूद होती. तथापि ठरावीक संख्येहून कमी कामगार असलेले उद्योग कारखान्याच्या कायदेशीर व्याख्येबाहेर राहत असल्याने, अशा ठिकाणी यंत्राच्या मूळ रचनेतील संरक्षण हेच प्रमुख संरक्षण ठरते.

परभणी जिल्ह्यातील संदर्भ

परभणी येथे १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ मध्ये त्याचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे नामांतर झाले. विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ मध्ये सुरू झाले असून कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालयही परभणीतच आहे. अन्नप्रक्रिया व यंत्ररचना या दोन्ही शाखांचे शिक्षण त्यामुळे एकाच परिसरात उपलब्ध आहे.

याच विद्यापीठाने विकसित केलेला भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा वाण पिवळ्या शिरांच्या विषाणुजन्य रोगास प्रतिकारक म्हणून प्रसिद्ध झाला. भेंडी हा काप यंत्रासाठी अवघड पदार्थ आहे. तिच्यातील चिकट द्रव पात्यावर व चकतीवर साचतो आणि बोंड आडवे पडल्यास काप तिरपे निघतात. अरुंद उभी नळी, अतिधारदार पातळ पाते आणि चटकन काढून धुता येणारी चकती ही त्यासाठीची आवश्यकता होय. याउलट हळद व आले यांचे कंद तंतुमय आणि वेडेवाकडे असतात. त्यांस जाड, मजबूत पाते आणि रुंद नळी लागते. दोन्ही कामे एकाच पायावर करता येणे हा मॉड्यूलर रचनेचा प्रत्यक्ष लाभ आहे.

केंद्र शासनाने २९ जून २०२० रोजी सुरू केलेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद करण्यात आली. स्वयंसाहाय्यता गटातील सदस्यांना खेळते भांडवल व लहान अवजारे यांसाठी प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाचीही सोय त्यात ठेवण्यात आली.

मर्यादा

मॉड्यूलर यंत्र एकाच पदार्थासाठी बनविलेल्या यंत्रापेक्षा सहसा महाग असते व त्या पदार्थाबाबत कमी वेगवान असते. प्रत्येक जोडणीतील सूक्ष्म ढिलाई एकत्र येऊन कापाच्या जाडीत फरक पडू शकतो. तसेच निरनिराळ्या उत्पादकांच्या जोडण्या परस्परांशी जुळत नसल्यास सुटे भाग एकाच विक्रेत्याकडून घ्यावे लागतात. वर्षभर एकच माल मोठ्या प्रमाणात कापणाऱ्या उद्योगास एकात्म यंत्र किफायतशीर ठरते, तर हंगामागणिक माल बदलणाऱ्या उद्योगास मॉड्यूलर यंत्र सोयीचे असते.