पाव किलो पाव : एका छोट्या शब्दाची गोष्ट

खालचे वाक्य एकदा मोठ्याने वाचा.

“बंड्या, पाव किलो बटाटे आण, येताना एक लादी पाव घे, आणि वाटेत खेळत न बसता वेळेवर घरी आलास तर देवच पावला म्हणेन!”

कोणत्याही घरात सहज कानावर पडावे असे हे वाक्य. त्यात ‘पाव’ तीनदा आला. पहिला पाव म्हणजे चौथा हिस्सा. दुसरा खायचा. तिसरा ‘पावणे’ या क्रियापदातला, म्हणजे प्रसन्न होणे. आता प्रश्न असा, की हे एकाच शब्दाचे तीन अर्थ आहेत, की हे तीन निराळे शब्द आहेत?

वर्गात दोन-तीन संजय असतातच. नाव एक म्हणून कोणी त्यांना भाऊ समजत नाही. ते भाऊ आहेत की नाहीत हे ठरवायचे, तर प्रत्येकाचे घर कोणते ते पाहावे लागते. शब्दांचेही तसेच आहे. शब्दाचे मूळ घर शोधण्याच्या विद्येला व्युत्पत्तिशास्त्र म्हणतात. चला, आज आपण तीन पावांची घरे शोधू. सुरुवात करू पालघर जिल्ह्यातल्या वसईपासून. कारण या तिघांपैकी एक पाव ज्या किनाऱ्यांवर गलबतातून उतरला, त्यांत वसईचा किनारा होता.

दोन ऐकीव गोष्टी

खायच्या पावाला ‘पाव’ का म्हणतात, असे विचारले की दोन उत्तरे हमखास मिळतात. एक असे : पूर्वी मोठ्या पावाचे चार तुकडे करून विकत, त्यातला एक तुकडा म्हणजे पाव हिस्सा, म्हणून ‘पाव’. दुसरे असे : भट्टीवाले पिठाचा मोठा गोळा पायाने तुडवीत, हिंदीत पायाला ‘पाँव’ म्हणतात, म्हणून ‘पाव’.

दोन्ही गोष्टी ऐकायला झकास आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पण चुकीच्या आहेत असे नुसते म्हणून चालणार नाही. विज्ञानात पुरावा लागतो, तसा तो इथेही लागतो.

गलबतातून आलेला पाव

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. मधली दोनशेहून अधिक वर्षे वसईत पोर्तुगीजांचा अंमल होता. किल्ल्यातल्या पडक्या चर्चांच्या उंच भिंती आजही त्याची साक्ष देतात. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द मागे राहिले. चावी, बादली, पगार, घमेले, पिंप, अननस, नाताळ हे सारे शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आले.

पोर्तुगीज भाषेत गव्हाच्या भाजलेल्या रोटीला जो शब्द आहे, त्याचा उच्चार साधारण ‘पांउ’ असा, शेवटी नाकातून होतो. मराठी माणसाच्या तोंडी त्याचा झाला ‘पाव’. हा केवळ अंदाज नाही. पोर्तुगीज भाषेत जाहीर बोली लावून विकण्याला ‘लेइलांउ’ म्हणतात. मराठीत तो शब्द कसा आला? ‘लिलाव’! पोर्तुगीज शब्दाच्या शेवटचा ‘आंउ’ मराठीत ‘आव’ झाला, तो दोन्ही ठिकाणी सारखाच. असा सारखेपणा दिसला, की भाषाशास्त्रज्ञ खूश होतात. एक उदाहरण योगायोगाचे असू शकते. तोच बदल पुन्हा पुन्हा दिसला, तर त्यामागे नियम असतो.

पोर्तुगीजांना तरी हा शब्द कोठून मिळाला? त्यांची भाषा लॅटिनपासून निघाली. लॅटिनमध्ये रोटीला ‘पानिस’ म्हणत. पोर्तुगीज भाषेत दोन स्वरांमधला ‘न’ गळून पडला आणि त्याचा फक्त नाकातला सूर उरला. ‘पानिस’चा झाला ‘पांउ’, हात या अर्थाच्या ‘मानुस’चा झाला ‘मांउ’ आणि कुत्रा या अर्थाच्या ‘कानिस’चा झाला ‘कांउ’. शेजारच्या स्पॅनिश भाषेने मात्र ‘न’ सोडला नाही. म्हणून तिथे आजही रोटीला ‘पान’ म्हणतात.

म्हणजे हा शब्द युरोपात जन्मला, वाढला आणि वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला तेव्हा शेकडो वर्षांचा जुना होता. त्याचा मराठी ‘पाव हिश्श्या’शी किंवा हिंदी ‘पाँव’शी संबंध असणार तरी कसा?

वसईहून जपानला

आणखी एक साक्षीदार हवा असेल, तर जपानला जाऊ. वसईकरांना ही वाट नवी नाही. १५५७च्या सुमारास वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया तरुणपणी जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि तिथे व्यापारही केला. पुढे ते धर्मकार्यात शिरले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मृत्युदंड दिला गेला. १८६२ साली त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले.

पोर्तुगीज जपानला पहिल्यांदा पोचले ते १५४३ साली. त्यांच्याबरोबर त्यांची रोटीही गेली. जपानी लोक आजही पावाला ‘पान’ म्हणतात. जपान्यांना मराठी अपूर्णांक ठाऊक नव्हते आणि हिंदी ‘पाँव’ही ठाऊक नव्हता. तरी त्यांनी पावाला त्याच मुळाचा शब्द घेतला. आपल्या दोन्ही ऐकीव गोष्टी इथे कोसळतात.

पोर्तुगीज शब्दांचा हा आशियाभरचा प्रवास गोव्यातल्या आसगाव येथे १८५५ साली जन्मलेले एक विद्वान, सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गादु यांनी शोधला. सुमारे पन्नास आशियाई भाषांतले पोर्तुगीज शब्द गोळा करून त्यांनी १९१३ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

नवी वस्तू, नवा शब्द

कोकणात तांदळाची भाकरी होती, मग परका शब्द कशाला घेतला? कारण वस्तू निराळी होती. पाव फुगतो तो यीस्ट नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे. ते पिठातली साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. गव्हाच्या पिठातला चिवट ग्लुटेन हा वायू अडवून धरतो. म्हणून गोळा फुगतो आणि भाजल्यावर जाळीदार होतो. तांदळात ग्लुटेन नसते, त्यामुळे त्याच्या पिठाचा असा पाव होत नाही. गोव्यात पावासाठी यीस्ट मिळवण्याची युक्ती होती ती माडाच्या ताडीची. आंबणाऱ्या ताडीत यीस्ट आपोआप वाढते. पाव भाजणाऱ्याला गोव्यात ‘पोदेर’ म्हणतात. तोही पोर्तुगीज शब्दच.

दुसरा पाव : चार पायांतला एक

आता पाव किलोतला पाव. याचे घर इथलेच. संस्कृतमध्ये ‘पाद’ म्हणजे पाय. गाय, बैल, घोडा यांना पाय चार. म्हणून ‘पाद’ म्हणजे चौथा भाग असाही अर्थ झाला. प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी दोन स्वरांमधला ‘द’ गळून पडू लागला. ‘कदली’ची ‘केळ’ झाली ती याच वाटेने. तसेच ‘पाद’चे ‘पाअ’ झाले आणि त्यातून मराठीत दोन शब्द निघाले : चालायचा ‘पाय’ आणि मोजायचा ‘पाव’.

हा पाव आपल्या घड्याळातही आहे. ‘सव्वा’ म्हणजे ‘सपाद’, पावासकट. ‘पाऊण’ म्हणजे ‘पाद’ अधिक ‘ऊन’, पावाने कमी. सव्वानऊची विरार लोकल पकडायला धावणाऱ्या माणसाच्या तोंडी दोन हजार वर्षांपूर्वीचा ‘पाद’ असतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते! चार आण्यांच्या नाण्याला ‘पावली’ म्हणत, तीही यातलीच. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. शब्द मात्र आजी-आजोबांच्या बोलण्यात अजून भेटतो.

तिसरा पाव : देवाचा

‘देव पावला’ यातले ‘पावणे’ आले ते संस्कृत ‘प्र’ अधिक ‘आप्’, म्हणजे मिळणे, पोचणे यावरून. इथे दोन नियम दिसतात. ‘प्र’मधला ‘र’ जातो, जसा ‘प्रावृष्’चा ‘पाऊस’ होताना गेला. आणि दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होतो : ‘दीप’चा ‘दिवा’, ‘ताप’चा ‘ताव’, ‘कपाट’चे ‘कवाड’. पैसे पोचल्याचा कागद म्हणजे ‘पावती’. नवसाला पावणारा देव आणि वाण्याची पावती ही सख्खी भावंडे आहेत.

म्हणजे तीन पावांची घरे तीन निघाली : ‘पानिस’, ‘पाद’ आणि ‘प्राप्’. नदीतले वेगवेगळे दगड घासून घासून सारखे दिसू लागतात, तसे हे तिन्ही शब्द पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यात झिजले आणि ‘पाव’ या एकाच रूपाला आले. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ साली प्रसिद्ध झाला. असा कोश शाळेच्या ग्रंथालयात असेल तर जरूर उघडून पाहा. एका शब्दाखाली कधी कधी केवढा इतिहास सापडतो!

दिसणे आणि असणे

आता एक गंमत. चिनी लोक वाफेवर उकडलेला, आत सारण भरलेला गोळा खातात. त्याला ते जे म्हणतात, ते आपल्या कानाला जवळजवळ ‘पाओ’ असे ऐकू येते. पीठ तेच, उच्चार तसाच. मग हा आपल्या पावाचा भाऊ का? मुळीच नाही. त्या चिनी शब्दाचा अर्थ आहे गुंडाळणे, आणि पोर्तुगीज पूर्वेकडे येण्याच्या कित्येक शतके आधीपासून तो चिनी भाषेत आहे. हा शुद्ध योगायोग.

असे योगायोग का होतात? हिशेब करा. एका भाषेत ३० व्यंजने आणि १० स्वर आहेत असे धरू. एक व्यंजन आणि एक स्वर यांच्या जोड्या होतील ३००. शेवटी आणखी एक व्यंजन लावले तर ९,०००. जगात भाषा सुमारे सात हजार आणि प्रत्येकीत हजारो शब्द. मग छोटे शब्द एकमेकांवर आदळणारच. गावांच्या नावांचेही तसेच होते. इंग्रज आपल्या वसईला ‘बॅसीन’ म्हणत आणि ब्रह्मदेशातल्या एका शहरालाही ‘बॅसीन’च म्हणत. त्या शहराचे नाव आता पाथेन आहे. दोन्ही गावांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

याच्या उलटही घडते. आपला मोजायचा ‘पाव’ आणि इंग्रजीतला ‘फूट’ म्हणजे पाय, यांत काही सारखे दिसते का? तरी ते नातलग आहेत! संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे मूळ एकच असावे, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एका व्याख्यानात सांगितले. पुढे परीकथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरले, याकोब ग्रिम यांनी १८२२ साली नियम मांडला, की इतर भाषांत जिथे ‘प’ आहे तिथे इंग्रजीच्या कुळात ‘फ’ दिसतो. पितृ आणि फादर, पंच आणि फाइव्ह, तसेच पाद आणि फूट.

म्हणून लक्षात ठेवा : सारखे दिसणारे शब्द परके असू शकतात आणि निराळे दिसणारे शब्द भाऊ असू शकतात. नाते ठरते ते नियमाने आणि इतिहासाने. रेल्वेतली ‘पॅन्ट्री’ म्हणजे मुळात रोट्या ठेवायची खोली. ‘कंपनी’ म्हणजे एकत्र बसून रोटी खाणाऱ्यांची सोबत. दोन्हींच्या पोटात ‘पानिस’च आहे.

पाव कोणाचा?

एके काळी पाव खाल्ला म्हणजे धर्म बुडाला, असे मानणारे लोक होते. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा कोकणात आणि गोव्यात सांगितल्या जात. पाव परक्याचा, आणि तो खाणाराही परका, अशी ती समजूत. आज वसई-विरारच्या कोणत्याही स्टेशनाबाहेर उभे राहा. मराठी माणसाची भूक भागवणारा वडापाव तिथे सर्व धर्मांचे लोक एकाच गाडीवर खाताना दिसतील. त्यातला ‘वडा’ संस्कृत ‘वटका’पासून आलेला. ‘बटाटा’ अमेरिकेच्या बाजूच्या बेटांवरचा शब्द, पोर्तुगीजांनी आणलेला. आणि ‘पाव’ लॅटिनमधून निघून लिस्बनमार्गे आलेला. तीन मुलखांचे शब्द एका घासात! त्यांतला कोणताही एक वजा केला तर मराठीचे ताट अपुरेच राहील.

तुम्ही करून पाहा

शाळेतले सर, पावसाची सर, मोत्यांचा सर आणि गड सर करणे. या चारांपैकी दोन शब्द परभाषांतून आले आहेत. ते कोणते? शब्दकोश उघडा आणि शोधा. उत्तर मिळेपर्यंत ऐकीव गोष्टीवर मात्र विश्वास ठेवू नका, मग ती कितीही झकास असो!