एमजी घ्यायचीय? मग सुतार बरोबर न्या

ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाची फी दुप्पट झाली आणि ओरड झाली ती मारुती-सँट्रोवाल्यांची. साध्या कारला 5 ऐवजी 10 हजार. त्याच तक्त्यातल्या दुसऱ्या एका ओळीकडे फारसं कुणी पाहिलं नाही : आयात केलेल्या चारचाकीला 80 हजार. मुलुंड-घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीत आजोबांची जुनी विलायती एमजी ताडपत्रीखाली उभी असेल, तर नातवापुढे आता बिल्डरचं पुनर्विकासाचं पत्र आणि आरटीओची फी, दोन्ही एकदमच येतात. अशी गाडी मग विकायला निघते. घेणारा हौशी मेकॅनिकला घेऊन येतो, बॉनेट उघडतो आणि इंजिनाचा आवाज ऐकून हरखतो.

वास्तविक या गाड्यांत सगळ्यात कमी काळजी इंजिनाची करावी. एमजी टीडीचंच घ्या. 1950 ते 53 या काळात इंग्लंडातल्या ॲबिंग्डनला जवळजवळ 30 हजार टीडी बनल्या. 1250 सीसीचं साधं, चार सिलिंडरचं इंजिन. पिस्टन, गॅस्केट, बेअरिंगं तिकडे आजही नवी मिळतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरतंय. दोन्हींवर इलाज आहे आणि त्याचा खर्च आधी काढता येतो.

खरा घोर बॉडीचा. टीडीचा पत्रा ॲशच्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. इंग्लंडात हे लाकूड कुजतं, आपल्याकडे त्यात वाळवीचीही भर पडते. चार महिने पाऊस, मुलुंड-भांडुपकडे मिठागरांवरून येणारी खारट हवा, तळमजल्याच्या पार्किंगची ओल. म्हणून माझा आग्रह असा, की गाडी बघायला मेकॅनिकच्या आधी सुतार न्यावा. दार अर्धं उघडून कडेला धरून वर उचलायचं. बिजागरीपाशी खांब हलला तर आतलं लाकूड गेलं. कार्पेट वर करून, मालकाची परवानगी घेऊन, बारीक स्क्रूड्रायव्हर खांबाच्या बुंध्याला टेकवायचा. तो लोण्यात जावा तसा आत गेला, तर अख्खी बॉडी उतरवावी लागेल आणि हे काम महिन्यांच्या हिशेबात चालतं. दार आणि बॉडी यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, तेही बघा. नवा रंग सगळं झाकतो, पण ही फट त्याला झाकता येत नाही.

पत्र्यासाठी चुंबक. कापडात गुंडाळून फेंडरच्या खालच्या कडेवर फिरवा. चिकटेना, तर आत लांबी भरलीय. (1998 ची सॅन स्टॉर्म ही देशी स्पोर्ट्स कार दाखवत असतील तर चुंबक घरीच ठेवा, ती अख्खी फायबरग्लासची आहे.) उपनगरांत आणखी एक गोष्ट तपासावी, 26 जुलै 2005. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ला-कलिना पट्ट्यातली गाडी तेव्हा कुठे उभी होती, हे विचारायला लाजू नका. चेसिसच्या पोकळीत बसलेला गाळ आतून पत्रा खातो.

हेरल्डबद्दल सावध करायला हवं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटरने 1961 पासून इथे हेरल्ड बनवली. तिची चेसिस वेगळी, आणि तीच आखूड करून विलायतेत ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार उभी राहिली. त्यामुळे हेरल्डचा टप कापून ‘स्पोर्ट्स’ म्हणून कुणी गळ्यात मारू लागला, तर दिसायला ती पटते. मोल मात्र निम्मंही धरू नये. 2021 च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून नोंदता येतं, पण चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. ही नोंदणी 20 हजारांत, 10 वर्षांसाठी होते. 80 हजारांपुढे सवलतच वाटते, पण गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, बस्स. चालती गाडी उभी ठेवायला लावणारा हा नियम मला पटत नाही. इंजिनं उभं राहूनच जाम होतात.

विक्रेत्याच्या गोष्टींना पैसे देऊ नका. ‘जुहूच्या धावपट्टीवर रेस मारलेली’ आणि ‘पारशी बावाची, सिंगल ओनर’ ही दोन पेटंट वाक्यं. 2011 च्या जनगणनेत देशभरात पारशी 57 हजारांच्या आसपास होते. त्यांच्या नावावर खपवल्या गेलेल्या गाड्या त्याहून जास्त भरतील, असा माझा संशय आहे. गोष्ट खरी असेल तर कागद असतो : जुनं आरसी बुक, कस्टमची पावती, ‘बीएम’ने सुरू होणारा मुंबईचा मूळ नंबर. 2018 मध्ये 4 कोटी 84 लाख डॉलरना गेलेल्या फेरारी 250 जीटीओचीही ओळख पटते ती चेसिस नंबरावरूनच.

माझं मत विचाराल तर चकाचक गाडीपेक्षा गंजकी पण पूर्ण गाडी घ्यावी. मीटर, दिवे, काचेची चौकट, टपाचा सांगाडा जागेवर हवा. हे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळण्याची आशा धरू नका. इंग्लंडहून मागवलं की वर कस्टम ड्युटी.

इसार देण्याआधी चेसिसवर ठोकलेला नंबर स्वतः वाचा, फोटो काढा. रिव्हेट मारलेल्या पट्टीवर विसंबू नका, ती कुणीही बसवतो. मग अंधेरी, बोरिवली, वडाळा, जिथली नोंद असेल त्या आरटीओत तो आरसीशी जुळवून घ्या. मालक नंबर दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर गाडी कितीही सुंदर असो, परत फिरा.