सुरकुतीवर सुई : कोणती आणि का?

आरशासमोर भुवया आक्रसून पाहा. मध्ये उभ्या आठ्या पडतात. चेहरा सैल सोडला की जातात. या आठ्या स्नायूंच्या. बोटुलिनम हे विष अत्यल्प मात्रेत टोचले असता मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडतो व स्नायू ३-४ महिने ढिला राहतो.

चेहरा स्थिर असतानाही दिसणारी घळ निराळी. ती भरून काढावी लागते, हायल्युरॉनिक आम्लाच्या जेलीने. हे आम्ल १९३४ साली मेयर व पामर यांनी गाईच्या डोळ्यातून वेगळे केले. पण घट्ट जेली बारीक सुईतून जाते कशी? दाबाने सरकू लागताच ती पातळ होते, थांबताच पुन्हा घट्ट. टोमॅटो सॉसचेच पाहा ना! गालाच्या हाडावर ताठ जेली लागते, ओठांत मऊ.

सोलापूरच्या उन्हाने रापलेला रंग मात्र यांपैकी कशानेही उजळत नाही.

जेली चुकून धमनीत शिरली तर रक्तपुरवठा तुटून कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून ही सुई ब्यूटी पार्लरमध्ये नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाकडेच घ्यावी. जेली विरघळवणारे हायल्युरोनिडेज हे विकर त्याच्या हाताशी आहे ना, हे आधी विचारावे. बोटुलिनमचा परिणाम असा पुसता येत नाही. तो ओसरेपर्यंत थांबावे लागते.