इतिहासाध्यापनातून भावनिक आत्मनियमन : महाड सत्याग्रहाचे उदाहरण

प्रस्तावना :
कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थी साधारणतः सोळा ते अठरा वर्षांचा असतो. या वयात भावना तीव्र असतात. मात्र परिणामांचा विचार करून कृतीस आवर घालणारा मेंदूचा अग्रभाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सामाजिक-भावनिक अध्ययनास स्थान दिलेले आहे. त्यासाठी स्वतंत्र तासिकेचीच आवश्यकता आहे असे नाही. इतिहासाचा तास हे कार्य कसे करू शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
आत्मनियमन म्हणजे भावना दडपणे नव्हे. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार भावना निर्माण होण्याच्या प्रक्रियेत अनेक टप्प्यांवर हस्तक्षेप करता येतो. प्रसंगाचा अर्थ नव्याने लावणे हा त्यांपैकी एक, तर उमटलेल्या भावनेचे प्रकटीकरण रोखणे हा सर्वांत शेवटचा. इतिहासाचे अध्यापन प्रामुख्याने अर्थ लावण्याच्या टप्प्याशी निगडित आहे.

महाडचा प्रसंग :
सी. के. बोले यांच्या ठरावानुसार १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेच्या प्रतिनिधींनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर मंदिरप्रवेशाची अफवा पसरून प्रतिनिधींवर हल्ला झाला व अनेक जण जखमी झाले. अनुयायी संतप्त होते; त्यांच्यात माजी सैनिकही होते. तरीही डॉ. आंबेडकरांनी प्रतिहल्ला होऊ दिला नाही. हल्लेखोरांविरुद्ध कायद्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आल्याने तळ्यावरील सत्याग्रह तहकूब झाला. मात्र त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अनुकूल लागला. संताप शमला नव्हता. त्याला दहा वर्षे दिशा मिळाली होती.

अध्यापनपद्धती :
शिक्षकाने हल्ल्याच्या क्षणी कथन थांबवावे व पुढील निर्णय सांगू नये. विद्यार्थ्यांनी पाच मिनिटे मौन पाळून तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : जखमी प्रतिनिधीच्या मनात कोणत्या भावना असतील? त्याच्यापुढे कोणते पर्याय होते? प्रत्येक पर्यायाचा परिणाम दुसऱ्या दिवशी काय व दहा वर्षांनी काय झाला असता? त्यानंतरच चर्चा घ्यावी. ‘राग आला’ याऐवजी अपमान, भय, असहायता असे नेमके शब्द योजण्याचा आग्रह धरावा. भावनेस नाव देणे, थांबणे आणि पर्याय तोलणे ही आत्मनियमनाचीच कौशल्ये होत.

दक्षता :
येथे एक गंभीर धोका संभवतो. ‘शांत राहा’ एवढाच बोध दिल्यास अन्याय सोसणाऱ्यालाच संयमाचा उपदेश केल्यासारखे होईल. संयम हा हक्काच्या लढ्याचा भाग होता, शरणागती नव्हती, हे स्पष्ट झालेच पाहिजे. तसेच कोणत्याही विद्यार्थ्यास जातीवरून भूमिका देऊ नये किंवा घरचे अनुभव सांगण्याची सक्ती करू नये. वर्गात एखाद्याचा चेहरा उतरला, तर पाठापेक्षा तो विद्यार्थी महत्त्वाचा मानावा.

समारोप :
एका पाठाने स्वभाव पालटत नाही. तथापि रागाच्या क्षणी आणखीही एक मार्ग असू शकतो, हे विद्यार्थ्याला प्रसंगामागून प्रसंग अभ्यासताना उमगू लागते. सनावळीच्या पाठांतरात ही संधी हरवते; ती जपणे इतिहासाच्या अध्यापकाच्या हाती आहे.